महापौराच्या हातात नेमकं काय असतं? वाढत्या पुण्याचा जाहीरनामा कसा वाचायचा

महापालिकेची निवडणूक आली की चौकाचौकात तेच ऐकू येतं. आमचा महापौर बसवा, टँकर बंद करतो. खड्डे बुजवतो, पाच मिनिटांना बस आणतो, मिळकतकर कमी करतो. पुण्यात १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. त्याआधी जवळजवळ चार वर्षं शहरात एकही नगरसेवक नव्हता, त्यामुळे आश्वासनांना या खेपेला चांगलाच जोर होता. त्याच सुमारास तिकडे न्यूयॉर्कमध्ये झोहरान ममदानी महापौर झाले. घरभाडं गोठवू, बस मोफत करू, असं थेट सांगून ते निवडून आले. मग आपल्याकडेही लोक विचारू लागले, की पुण्याला असा महापौर का मिळत नाही?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर उमेदवाराच्या कर्तबगारीत शोधण्याआधी कायद्यात शोधावं लागतं. वेगाने वाढणाऱ्या शहराचे प्राधान्यक्रम कोण ठरवतं, पैसे कोण सोडतं आणि सही कोण करतं, हे एकदा समजलं की कुठलाही जाहीरनामा वेगळ्या नजरेने वाचता येतो.

आपण महापौराला मत देतच नाही

पुणे महापालिकेत ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक आहेत. चाळीस प्रभागांत चार-चार जागा, एका प्रभागात पाच. म्हणजे बहुतेक पुणेकरांनी चार मतं दिली आणि त्यांतलं एकही महापौरासाठी नव्हतं. महापौर निवडतात नगरसेवक, आपल्यातूनच, अडीच वर्षांसाठी. ज्याच्या पाठीशी ८३ जण, त्याचा महापौर.

त्यातही हे पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, ते सोडतीने ठरतं, आणि ती सोडत नगरविकास विभाग मंत्रालयात काढतो. या वेळी तर निकाल लागल्यावर सोडत निघाली. त्यामुळे प्रचाराच्या काळात ‘मी महापौर झालो तर’ असं म्हणणाऱ्या कोणालाही आपण त्या पदासाठी उभे राहू शकतो की नाही, हेच ठाऊक नव्हतं. अडीच वर्षांत माणूस बदलणार, प्रवर्गही बदलणार. वीस वर्षं चालणारी जलवाहिनीची कामं अशा खुर्चीवरून रेटणं किती अवघड, याचा अंदाज इथेच येतो.

मग सही कोणाची?

आपल्या सोसायटीचंच बघा. समजा, सभासदांनी आपल्यातला एक चेअरमन निवडला आहे. सभेत तो मधल्या खुर्चीत बसतो, कोणी कधी बोलायचं ते ठरवतो, सोसायटीच्या वतीने बाहेर बोलतो. पण वॉचमन नेमणं, लिफ्टचं काम कोणाला द्यायचं ते पाहणं, चेकवर सही करणं हे सगळं मॅनेजरकडे आहे. हा मॅनेजर सोसायटीने नेमलेला नाही, तो सरकारी कार्यालयातून आलाय आणि त्याची बदलीही तिथूनच होते. खर्च मोठा असेल तर कमिटीची मंजुरी लागते, धोरण बदलायचं तर सर्वसाधारण सभेची. आणि सभेने केलेला ठराव नियमाला धरून नाही असं वाटलं, तर मॅनेजर वर कळवून तो रद्दही करून आणू शकतो.

महापालिकेत मॅनेजरच्या जागी आयुक्त असतात, राज्य सरकारने पाठवलेले सनदी अधिकारी. कमिटी म्हणजे १६ जणांची स्थायी समिती, तिजोरीची किल्ली तिच्याकडे. सर्वसाधारण सभेला पुण्यात सगळे ‘मुख्य सभा’ म्हणतात. मुंबईचा १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. पुण्यासारख्या शहरांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू होतो. या कायद्याच्या चौथ्या कलमात महापालिकेचा कारभार चालवणाऱ्या प्राधिकरणांची यादी आहे. महापालिका (म्हणजे सभागृह), स्थायी समिती, प्रभाग समित्या, आयुक्त, परिवहन समिती, परिवहन व्यवस्थापक. महापौर या यादीत नाही. अंमलबजावणीचे अधिकार कलम ६७ ने आयुक्तांना दिले आहेत. कलम ४५१ खाली राज्य सरकार सभागृहाचा ठराव स्थगित किंवा रद्द करू शकतं. त्याला ‘विखंडन’ म्हणतात.

आयुक्त आणि सभागृह यांचं बिनसलं तर काय होतं, हे २०१६ मध्ये नवी मुंबईत दिसलं. आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. सरकारने त्यांना लगेच हलवलं नाही. बदली झाली ती पुढच्या वर्षी, सरकारला योग्य वाटलं तेव्हा. त्या वादात कोण बरोबर होतं, यावर लोकांची मतं आजही वेगळी आहेत. अखेरचा शब्द सभागृहाचा नव्हता, एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलं.

न्यूयॉर्कचा महापौर आपल्या खात्यांचे प्रमुख स्वतः नेमतो. पण तिथेही बससेवा राज्याच्या अखत्यारीतल्या संस्थेकडे आहे आणि श्रीमंतांवरचा कर वाढवायचा तर राज्याच्या विधिमंडळाकडेच जावं लागतं. त्यामुळे मोफत बसचं आश्वासन ममदानींनाही एकट्याच्या बळावर पाळता येणार नाही.

म्हणजे महापौर शोभेचाच?

असं समजून अनेकजण या निवडणुकीकडे पाठ फिरवतात, आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं. महापौराकडे सही नसली तरी सभागृह असतं. मुख्य सभा दरमहा घ्यावीच लागते. ती कशी चालवायची, कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा, कोणाला बोलू द्यायचं हे महापौर ठरवतो. समसमान मतं पडली तर निर्णायक मत त्याचं.

ही किरकोळ बाब नव्हे. पुण्याच्या मुख्य सभेचा इतिहास तहकुबींचा आहे. श्रद्धांजली वाहून सभा तहकूब, गणसंख्या नाही म्हणून तहकूब, पक्षनेत्यांचं एकमत झालं नाही म्हणून तहकूब. दरम्यान पाण्याच्या टाकीच्या जागेचा विषय कार्यपत्रिकेवर पडून राहतो. सभा वेळेवर भरवणारा, प्रश्नोत्तरांना वेळ देणारा आणि आयुक्तांकडून सभागृहात उत्तर घेणारा महापौर शहराचं खरोखर भलं करू शकतो. कारण सभागृहात दिलेलं उत्तर नोंदलं जातं, आणि नोंदलेल्या उत्तराचा पुढे जाब विचारता येतो.

शिवाय पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे महापौर पीएमपीएमएलच्या, म्हणजे दोन्ही शहरांची बससेवा चालवणाऱ्या कंपनीच्या, संचालक मंडळावर असतात. जून २०२५ मध्ये बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं, तेव्हा दोन्ही शहरांत महापौरच नव्हते. भाडेवाढ कदाचित तरीही झाली असती, अखेरची मान्यता प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची असते. पण कष्टकऱ्याच्या खिशाला बसणारी ती झळ मंडळाच्या बैठकीत मांडायला लोकांनी निवडून दिलेलं माणूस तिथे असायला हवं होतं.

पैसा कुठून येतो आणि कोण अडवतं

पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचं होतं. आकडा मोठा वाटतो. पण उत्पन्नाच्या मोठ्या बाबी मोजक्या आहेत: मिळकतकर, बांधकाम परवानगीचं शुल्क आणि जीएसटीपोटी राज्याकडून येणारं अनुदान.

पूर्वी जकात होती, नाक्यावरच रोकड जमा व्हायची. २०१३ मध्ये तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये तो बहुतांशी उठला आणि २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला. तेव्हापासून राज्य सरकार महापालिकांना भरपाई देतं आणि ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते. व्यवस्था वाईट नाही. पण शहराची मोठी मिळकत आता मुंबईहून येणाऱ्या हप्त्यावर अवलंबून आहे.

मिळकतकराचा किस्सा तर प्रत्येक पुणेकराला पाठ असेल. घरमालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत, हा निर्णय १९७० चा. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने ती सवलत काढून घेतली. नगरसेवक ओरडले, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. २०२३ मध्ये सवलत परत आली तीही राज्य सरकारच्याच निर्णयाने, आणि मग सवलतीसाठीचा पीटी-३ अर्ज भरायला लोकांच्या रांगा लागल्या. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ मध्ये माफ झाला, तेव्हाही निर्णय राज्यानेच घेतला. म्हणून ‘करमाफी करू’ असं महापालिकेच्या जाहीरनाम्यात दिसलं, तर ‘सरकारकडे पाठपुरावा करू’ एवढाच त्याचा खरा अर्थ धरावा.

गावं शहरात आली, पाणी आलं नाही

वाढत्या पुण्याचा खरा प्रश्न हद्दीवरच्या गावांत आहे, आणि माझ्या मते कोणत्याही महापौराचं पहिलं काम हेच असायला हवं.

२०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, त्यांत उंड्री, धायरी, आंबेगाव, शिवणे ही होती. २०२१ मध्ये आणखी २३ आली. वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही त्यांतली. एका फटक्यात पुण्याची हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेली आणि शहर क्षेत्रफळात मुंबईपेक्षा मोठं झालं. पण २३ गावांचा विकास आराखडा आणि बांधकाम परवानगी बराच काळ पीएमआरडीएकडेच राहिली. पीएमआरडीए हे २०१५ मध्ये स्थापन झालेलं महानगर प्रदेशाचं प्राधिकरण. म्हणजे इमारतींना परवानगी देणार आणि शुल्क घेणार एक संस्था, आणि त्या इमारतींतल्या माणसांना पाणी, ड्रेनेज, दिवाबत्ती द्यायची दुसऱ्या संस्थेने.

परवानगी घेताना बिल्डर हमीपत्र देतो, की महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी पाणी पुरवीन. फ्लॅट विकले जातात, सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या प्रकल्पाकडे वळतो. हमीपत्र फायलीत राहतं आणि टँकरचं बिल सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये येतं. ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घालून तिथे घर घेतलं, त्यांनी मिळकतकर भरायचा आणि पाणीही विकत घ्यायचं. हा सरळ अन्याय आहे.

जानेवारी २०२५ मध्ये त्याचं सगळ्यात भयंकर रूप दिसलं. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी, खडकवासला या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. दूषित पाण्यातून, अन्नातून तो पोटात जातो. आणि या गावांना मिळणारं पाणी विहिरीतून उचलून, शुद्धीकरण केंद्रातून न नेता, क्लोरीन टाकून पुढे सोडलं जात होतं. खडकवासला धरण डोळ्यांसमोर आणि नळाला गाळलेलं पाणी नाही.

मग केंद्र बांधायला अडलं कुठे? पाण्याचा प्रवास कागदावर पाहिला की उलगडा होतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणसाखळीची क्षमता साधारण २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट. त्यात दौंड, इंदापूरच्या शेतीचाही वाटा आहे. पुण्याने किती उचलायचं ते जलसंपदा विभाग सांगतो, वाटप कालवा सल्लागार समितीत ठरतं, आणि तिथे अध्यक्ष असतात पालकमंत्री. पाणी मंजूर झालं की शुद्धीकरण केंद्राला जागा हवी, जागेसाठी आराखड्यात आरक्षण हवं, आरक्षण ताब्यात घ्यायला मोबदला हवा. मग मुख्य वाहिनी, मग साठवण टाकी, मग गल्लीतली वितरण वाहिनी. यांतला एक दुवा निसटला की बाकीचे नुसते उभे राहतात. टाकी बांधून तयार आणि तिला पाणीच जोडलेलं नाही, असं चित्र त्यातूनच तयार होतं.

समान पाणीपुरवठा योजनेसाठी महापालिकेने जून २०१७ मध्ये २०० कोटींचे कर्जरोखे काढले, तेव्हा त्याचं देशभर कौतुक झालं. नव्या टाक्या, मीटर, जुन्या वाहिन्या बदलणं, हे सगळं त्या योजनेत आहे. पण मूळ नियोजन जुन्या हद्दीचं होतं आणि कामाची मुदत वाढतच गेली. त्यात गळती चाळीस टक्क्यांच्या आसपास सांगितली जाते. म्हणून नवं धरण आणण्याच्या घोषणेपेक्षा गळती शोधून बंद करण्याचा कार्यक्रम मला जास्त मोलाचा वाटतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, महापालिकेला ते स्वतःच्या बळावर करता येतं.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या रहिवाशांनी अनेक वर्षं शहराचा कचरा सोसला. कर शहराचा आणि सोयी गावाच्या, हे त्यांना पटेना. अखेर ती दोन गावं महापालिकेतून बाहेर पडली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

‘नगरसेवक नव्हते तेव्हा कामं पटापट झाली की!’

हा युक्तिवाद हल्ली खूप ऐकू येतो. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर निवडणुकांची चाकं हलली. मधल्या काळात प्रस्ताव मांडणारा, तो मंजूर करणारा आणि राबवणारा एकच माणूस होता. फायली लवकर हलल्या असतील, मी ते नाकारत नाही. पण नऱ्ह्यातल्या माणसाने पाण्याची तक्रार घेऊन कोणाकडे जायचं? क्षेत्रीय कार्यालयातला अभियंता बदलीवर जातो. नगरसेवकाला मात्र पाच वर्षांनी पुन्हा त्याच गल्लीत हात जोडून यायचं असतं. गुइलेन-बॅरेची साथ आली त्या जानेवारीत सभागृहात उभं राहून ‘या विहिरीचं पाणी कोणी तपासलं होतं?’ असं विचारणारा एकही सदस्य नव्हता.

नगरसेवकांचंही एक दुखणं आहे. प्रभागाच्या छोट्या कामांसाठी अंदाजपत्रकात ‘स यादी’ असते. तिच्यातून बाकडी, कमानी, चांगल्या फरशा उखडून पुन्हा फरशा, असली कामं निघतात. वर्ष सरत आलं की ‘वर्गीकरण’ सुरू होतं, म्हणजे एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवायचे. ड्रेनेजची तरतूद अशी हळूच सुशोभीकरणाकडे जाऊ शकते. जमिनीखालची वाहिनी कोणाला दिसत नाही, कमानीवर मात्र नाव लिहिता येतं. वर्गीकरणाला लगाम घालणारा महापौर आणि स्थायी समितीचा अध्यक्ष मिळाला, तर मी त्याला शहराचं मोठं भाग्य समजेन.

रस्त्यांचं काय?

थोडक्यात सांगतो. चांदणी चौकाचा पूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने बांधला, मेट्रो महामेट्रोकडे आहे, हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोमार्ग पीएमआरडीएकडे, वाहतूक पोलिस गृहखात्याकडे. महापालिकेकडे उरतात शहरातले रस्ते, आणि तिथे गाडी अडते भूसंपादनावर. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटर रुंद होणार होता. २०१८ मध्ये काम हाती घेतलं, पण जागा ताब्यात येईनात. अखेर ५० मीटरवर समाधान मानावं लागलं आणि मधल्या वर्षांत त्या रस्त्यावर अपघात होतच राहिले. जागा ताब्यात नसताना भूमिपूजन करायचं नाही, एवढा एक नियम जरी सभागृहाने स्वतःला घालून घेतला तरी खूप साधेल.

थेट महापौर निवडला तर?

मध्य प्रदेशात लोक महापौराला थेट मत देतात. आपल्याकडे १९९८ मध्ये मुंबई आणि नागपुरात ‘महापौर परिषद’ हा प्रयोग झाला. मंत्रिमंडळासारखे अधिकार महापौर आणि त्याच्या परिषदेकडे दिले होते. वर्षभरातच तो गुंडाळला गेला. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांकडे सोपवायच्या १८ विषयांची यादी घटनेत घातली. पण प्रत्यक्ष किती द्यायचं हे राज्यांवर सोडलं, आणि आपल्या राज्यात कोणत्याही पक्षाच्या सरकारने हात सैल केला नाही.

थेट निवड झाली तर जबाबदारी कोणाची ते लोकांना कळेल, हे खरं. पण अधिकार न देता नुसती थेट निवड केली, तर लाखो मतं घेऊन आलेला महापौर आणि सही असलेले आयुक्त यांच्यात रोज खडाजंगी होईल. आधी पाच वर्षांची मुदत आणि आयुक्तांच्या नेमणुकीत सभागृहाचा शब्द, मग थेट निवड, असा क्रम मला योग्य वाटतो. हे बदल विधानसभेतच होऊ शकतात. म्हणून त्याबद्दल आमदारांना विचारायला हवं.

जाहीरनामा हातात आला की

प्रत्येक आश्वासनापुढे पेन्सिलीने लिहा: हे काम महापालिकेचं, राज्याचं की तिसऱ्याच कोणाचं? महापालिकेचं असेल तर जागा ताब्यात आहे का, आणि अंदाजपत्रकात त्या नावाची तरतूद आहे का? अंदाजपत्रक महापालिकेच्या संकेतस्थळावर असतं. जाड असतं, पण आपल्या भागाचं नाव शोधायला फार वेळ लागत नाही.

पुण्यात २००६ पासून आणखी एक सोय आहे. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवली जातात, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. मागणी मोघम नको. ‘पाणीपुरवठा सुधारावा’ असं लिहिलं तर अर्ज दप्तरी दाखल होतो. गल्लीचं नाव, वाहिनी कुठून कुठपर्यंत हवी, किती घरं टँकरवर आहेत, टँकरची महिन्याची बिलं किती, असं लिहून सोसायट्यांनी एकत्र सह्या करून द्या. पोच घ्या आणि तिची एक प्रत चारही नगरसेवकांना द्या.